गरुडाच्या छातीवरचा कलश

आभार मानायची मला सवय नाही. पत्रक कुणी आभार मानायला काढत नाही. दुकानदार मापात मारतो, काढा पत्रक. शाळेत आमच्या वस्तीतली पोरं मागं बसवली, काढा पत्रक. मॅट्रिकनंतर मी चिखलीच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो, ते काही नुसतं पोटासाठी नव्हे. दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका छापता छापता आपलंही काही छापून घेता येईल असा बेत होता. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. या नव्या राज्यात सगळं आपणच दुरुस्त करायचं आहे, आणि तेही पुढच्या आठवड्यापर्यंत, अशी माझी समजूत होती. अमडापूरला बसमधून उतरलो की पारावरची पोरं म्हणायची, "आला बे, निषेध आला."

तरीही हे लिखाण आभाराचं आहे. ज्यांचे आभार मानायचे त्यांतला एक माणूस मला आजही आवडत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

माझा थोरला भाऊ फौजेत होता. विमानातून हवाई छत्रीनं उड्या मारणाऱ्या पलटणीत. मुदत संपवून तो घरी आला तेव्हा आईला वाटलं, आता हा जमिनीवर राहील. कचेरीत शिपायाची जागा त्याला मिळतही होती. पण एक दिवस तो खामगावला गेला आणि एका खेळवाल्याकडे नोकरी धरून आला. हा खेळवाला आधी तंबूतला सिनेमा घेऊन गावोगाव फिरायचा. आता त्यानं एक जुनं छोटं विमान, एक म्हातारा वैमानिक आणि फौजेनं मोडीत काढलेल्या काही छत्र्या जमवल्या होत्या. जत्रा असेल तिथं गावाबाहेरच्या बरड माळावर विमान उतरवायचं, तिकीट लावायचं आणि माझ्या भावाला वरून खाली सोडायचं, हा त्याचा धंदा.

"फौजेत देशासाठी उडी मारत होतास," मी दादाला म्हणालो, "आता भजी खाणाऱ्यांसाठी मारतोस?"

"भजे खाणारे देशातलेच हायेत ना बे," दादा म्हणाला.

त्या वर्षी देऊळगाव राजाच्या बालाजीच्या जत्रेसाठी मालकानं नवीन खूळ काढलं. दादानं गरुड व्हायचं. मनगटापासून कमरेपर्यंत भगव्या कापडाचे पंख लावायचे आणि छत्री उघडण्याआधी आकाशात पंख पसरून उडायचं. हे कानावर आलं तेव्हा मी तापलो. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. ज्या घरातलं देवघर आईनं स्वतःच्या हातानं मोकळं केलं, त्या घरातला पोरगा विष्णूचं वाहन होणार? वर मालकानं जत्रेत सांगून ठेवलं होतं की उडी मारणारा उत्तरेकडचा कुणी ठाकूर आहे. गरुड आमचा चालत होता, आमचं घर चालत नव्हतं.

दादाला त्याचं काही नव्हतं. "वेष हाय तो. नाटकात राजा होते, त्याले काय राज्य भेटते?" त्याला वेड दुसरंच लागलं होतं. अंगाला पंख असले तर माणूस नुसता पडत नाही, असं त्यानं फौजेत कुणाकडून तरी ऐकलं होतं. "घार कशी सरकते, तसं सरकता येते. खाली नाही बे, पुढं." हे सांगताना तो अंगणात हात पसरून उभा राही, आणि आई म्हणे, "हात खाली घे. माह्या डोयापुढं नोको."

जत्रेच्या आधी तो आठवडाभर घरी आला, तेव्हा सगळं सामान सोबत घेऊन आला. मालकानं शिवून घेतलेला पंखांचा कोट होता. पाठीवरची मोठी छत्री होती आणि छातीवर बांधायची लहान छत्रीही होती. फौजेत प्रत्येकाला या दोन असतात, दादानं आम्हाला समजावून सांगितलं. मोठी नीट उघडली तर लहानीला कुणी हात लावत नाही. मोठीनं दगा दिला तर लहान. तीही गेली तर मग कुणी नाही. शिवाय टोप, डोळ्यांवरचा चष्मा, दोऱ्या कापायचा वाकडा चाकू आणि मनगटावर उंची सांगणारं घड्याळासारखं यंत्र. आई प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारी, "हे कायच्यासाठी?" आणि प्रत्येक उत्तरानंतर तिचा चेहरा आणखी उतरे. एवढी सगळी तयारी लागते म्हणजे काय काय होऊ शकतं, याचा तिला अंदाज येत होता.

पंख लावून तालीम करायची असं ठरलं. दारातल्या चिंचेला मोटेचा जाड नाडा बांधला आणि छत्रीच्या पट्ट्यांत अडकवून दादाला टांगला. शेजारची काकू कुंपणावरून पाहत होती.

"काऊन वं, एवढ्या मोठ्या पोराले टांगलं काऊन?"

"नोकरी हाय त्याची," आई म्हणाली.

ओरडायचं काम माझ्याकडे होतं. मी ओरडलो, "मोठी बिघडली." दादानं हात खांद्यांकडे न्यायला घेतले, आणि ते अर्ध्यातच थांबले. मालकाच्या शिंप्यानं पंख कोटाच्या बाहीला दुहेरी शिलाई मारून पक्के जोडले होते, आत बांबूच्या कामट्या घातल्या होत्या. कापड ताणलं गेलं की कोपर वर जाईना, की छातीपर्यंत हात येईना. दादा आधी हसला. मग त्यानं पुन्हा जोर लावला, आणि पुन्हा. चिंचेखाली तो हळूहळू गोल फिरत होता आणि हसणं थांबलं होतं.

खाली उतरल्यावर त्यानं मला नीट सांगितलं. छत्री उघडली की आधी वर बघायचं. कापड गोल भरलेलं पाहिजे. कधी एखादी दोरी कापडावरून पलीकडे पडते, मग छत्रीचे दोन फुगे होतात आणि माणूस भोवऱ्यासारखा फिरायला लागतो. ओढाताण करून ते सुटत नसेल तर उंची संपायच्या आत ठरवावं लागतं. पंख टाकून द्यायचे. दोन्ही खांद्यांवरची बकलं उघडून बिघडलेली छत्री सोडून द्यायची. आणि मगच छातीवरचा दांडा ओढायचा.

"सोडून द्यायची?" मी म्हणालो. "आहे ती सोडून द्यायची? सरळ दुसरी का नाही उघडायची?"

"दुसरी जाऊन पहिलीत गुतते, म्हणून. मोट कपारीत अटकली तं बैल हाकतच राह्यतो का तू? आधी बैल सोडतो ना?"

मला पटलं, आणि सवयीप्रमाणे मी त्याची घोषणा केली. आधी सोड, मग ओढ. आतापर्यंत मी बऱ्याच घोषणा रचल्या होत्या, पण ही कुणीतरी खरोखर वापरली. दिवसभर दादा ती पुटपुटत हातांची तालीम करी. तिसऱ्या दिवशी काकूची नातवंडंही खांद्याला हात लावून, मग छातीवर मूठ ओढून पळत सुटली.

पंखांचं काम आईनं घेतलं. शिलाई उसवली, कामट्या काढून चुलीत घातल्या. पंख कच्च्या टाक्यानं जोडायचे आणि ते टाके कमरेच्या एका फितीशी आणायचे, फीत ओढली की सगळे पंख गळून पडले पाहिजेत, असं दादानं सांगितलं. आई गोधड्या शिवणारी. तिच्या हाताला कच्चा टाका माहीतच नव्हता. बोलता बोलता तिचा टाका पक्का होई. दादा फीत ओढी, पंख तसाच.

"माय, पुन्हा पक्कं शिवलं तू."

"जिंदगीभर उसवू नाही म्हणून शिवलं," ती म्हणाली, "आता उसवलं पाह्यजे म्हणून शिवा. हे कसं जमावं रे बाबा." पण तिनं ते पुन्हा उसवलं, पुन्हा शिवलं, आणि दर खेपेला स्वतः फीत ओढून पाहिली. पंख पहिल्यांदा भसकन खाली पडले तेव्हा तिला इतका आनंद झाला की ती पडलेलं कापड उचलायचंच विसरली.

हे सगळं घेऊन आम्ही देऊळगाव राजाला गेलो. आई उडीच्या दिवशी येणार होती. बरडावर मालकाचा तंबू होता. नवे पंख त्याला आवडले, कारण ते जास्त फडफडत होते. मग त्याची नजर छातीवरच्या छत्रीवर गेली.

"हे काढ," तो म्हणाला.

"हे राहणार," मी म्हणालो.

"तू कोण?"

"भाऊ."

"हां, तो छापखान्यातला. अरे बाबा, गरुडाच्या छातीवर गाठोडं कसं शोभेल? लोक म्हणतील, गरुड शिदोरी बांधून निघाला."

"आणि मोठी उघडली नाही तर?"

"आजवर उघडली ना?"

मी दादाकडे बघितलं. त्यानं सरळ नाही म्हणावं, पट्टे काढून टाकावेत, आपण घरी जाऊ, असं मला वाटत होतं. तो विमानाकडे बघत होता. मालक म्हणाला, तुला नसेल जमत तर जालन्याचा एक जण तयार आहे. दादा म्हणाला, "पाहू."

मी त्याला लहानपणापासून ओळखतो. तो कुणाला घाबरून कधी 'पाहू' म्हणत नाही. त्याला उडायचं होतं, राखीव छत्री नसली तरी. मालकापेक्षा मला त्याची भीती वाटली.

मग मला जे येतं तेच मी केलं. परत चिखलीला गेलो, पत्रक जुळवलं आणि दुसऱ्या दिवशी जत्रेत वाटलं. मथळा मोठ्या खिळ्यांत होता, 'मृत्यूची उडी बंद करा'. खाली मी खरमरीत लिहिलं होतं की तिकिटाच्या लोभापायी एका माजी सैनिकाची राखीव छत्री काढून घेतली जात आहे, जागे व्हा, जाब विचारा. लोकांनी ते वाचलं. अगदी मन लावून वाचलं. संध्याकाळपर्यंत तिकिटाच्या टेबलापुढची रांग रसवंतीच्या पलीकडे गेली. मालकानं मला स्वतः हाक मारली, बाकावर बसवलं, चहा दिला.

"काय लिहिलंस रे," तो म्हणाला. "मृत्यूची उडी. मला दहा वर्षांत सुचलं नाही. अजून छाप. कागद माझा."

त्या चहाची चव अजून जिभेवर आहे. मी तो अर्धाच पिऊन उठलो आणि जाऊन पेंटरच्या बाकड्यावर बसलो.

पेंटर देऊळगावचाच, मुसलमान, पन्नाशीचा. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं आणि जत्रेच्या आधी देवळातल्या लाकडी वाहनांची रंगरंगोटी, ही त्याची कामं. मालकाचं मोठं पोस्टर तो रंगवत होता. कापडावर गरुड आडवा उडत होता. चेहरा दादासारखा मुळीच नव्हता, सिनेमातल्या कुणासारखा तरी होता.

"क्या पत्रकवाले," तो म्हणाला, "मालक तर खूश आहे तुझ्यावर."

मी त्याला सगळं सांगितलं. दोन छत्र्या, छातीवरची एक, दादाचं 'पाहू', सगळं. शिव्याही दिल्या. त्यानं ब्रश पाण्यात घोळवला आणि पोस्टरपासून चार पावलं मागे जाऊन उभा राहिला.

"ती छातीवरची पेटी किती मोठी?"

मी हातानं दाखवली.

"गोल दिसेल का?"

"कापड चढवलं तर दिसेल. का?"

"तुमचा माणूस गरुड आहे, पण त्याच्याकडे अमृताचा कलश कुठंय?" पेंटर म्हणाला. "देवळातल्या गरुडाचा मीच रंगवतो दरवर्षी. आईला सोडवायला गरुड स्वर्गातून अमृत घेऊन येतो, मग रिकाम्या हातानं येईल का? माझंच चुकलं. अर्धाच गरुड काढला."

त्यानं पिवळा रंग घेतला आणि गरुडाच्या छातीवर कलश काढला. चांगला फुगीर, वर नारळ, चमक दिसावी म्हणून पांढऱ्या रंगाची एक रेघ. मालक आला तेव्हा रंग ओला होता. पेंटरनं त्याला एवढंच सांगितलं की कलश नसलेला गरुड देऊळगावात आणला तर म्हातारी माणसं तिकिटाचे पैसे परत मागतील. मालकानं पोस्टर एकदा जवळून, एकदा लांबून बघितलं. मग म्हणाला, "हा कलश खऱ्याच्या छातीवर दिसला पाहिजे. कसाही बसवा."

आता सांगायला हवं की मी देवळाच्या पायरीलाही पाय न लावणारा माणूस. अमृत बिमृत मला मान्य नाही, तेव्हाही नव्हतं. पण त्या क्षणी तो ओला पिवळा कलश मला जगातल्या सगळ्या पत्रकांपेक्षा मोलाचा वाटला. मी पेंटरचे पाय धरायला वाकलो, त्यानं मला खांद्याला धरून उभं केलं. "हे कलश-अमृत बौद्धांत चालते का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "आज चालतं."

एक भांडण अजून बाकी होतं. मालकाला पेटीवर पितळी पत्रा ठोकायचा होता. दादा आणि मी दोघंही अडून बसलो. रंगही लावायचा नाही, रंगानं कापड कडक होतं. शेवटी पातळ पिवळं कापड कच्च्या टाक्यानं वरून बसवलं. छत्री आतून फुगली की टाके आपोआप तुटतील असं. दांडा मात्र उघडा. पेंटरनं त्याला लाल फडकं गुंडाळलं, म्हणाला, कलशाला लाल धागा असतोच.

उडीच्या दिवशी आई सकाळच्या बसनं आली. तिनं प्रत्येक टाका बोटानं चाचपला, कमरेची फीत बघितली आणि मग विमानाकडे पाठ करून बोरीच्या झुडपाजवळ बसली. "मी खाली पाह्यते," ती मला म्हणाली, "तू वर पाह्य. उतरला की सांगजो."

विमान इतकं वर गेलं की त्याचा आवाज उशिरा यायला लागला. मग त्यातून एक ठिपका सुटला. ठिपक्याला पंख फुटले. मी पडणारी माणसं पाहिली नव्हती, पण हे पडणं नव्हतं एवढं मला कळलं. तो सरकत होता. दादा म्हणाला होता तसाच, पुढं. देवळाच्या दिशेनं, जत्रेच्या पाळण्यांवरून. मला त्याचा हेवा वाटला.

मग मोठी छत्री निघाली, आणि उघडली नाही. म्हणजे उघडली, पण दोन फुगे झाले, आणि दादा खाली गरगर फिरायला लागला.

"काय झालं?" आईनं विचारलं. ती अजून जमिनीकडेच बघत होती. गर्दीच्या आवाजावरून तिला समजलं असावं.

मी मनात ओरडत होतो, सोड, सोड. पंख सुटले. भगवं कापड गिरक्या घेत एकीकडे गेलं. तो अजून फिरतच होता. आणि मग मोठी छत्री त्याच्यापासून वेगळी झाली, आणि माझा भाऊ कशालाही न अडकलेला, दगडासारखा खाली येऊ लागला. ज्यानं ही तालीम चिंचेखाली पाहिलेली नाही त्याला वाटावं की सगळं संपलं. बायका किंचाळल्या. मी मूठ माझ्याच छातीवर धरली होती.

कलश फुटला. पिवळं कापड उडालं आणि त्यातून पांढरी छत्री बाहेर आली, भरली, आणि दादा तिच्याखाली झोका घेत लोंबकळला.

"सांग ना रे," आई म्हणाली.

"उघडली," मी म्हणालो. "लहानी उघडली."

तेव्हा तिनं पहिल्यांदा वर बघितलं.

लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. "अमृत सांडलं रे," असं कुणीतरी म्हणालं आणि कित्येकांनी हात जोडले. मी पळत होतो. दादा नाल्यापलीकडच्या कपाशीच्या वावरात उतरला होता. मी तरुण, मी सख्खा भाऊ, पण माझ्याआधी मालक तिथं पोचला. त्याच्या चपला मागं नाल्यात राहिल्या होत्या. तो दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, टोपाचा पट्टा सोडायला बघत होता आणि त्याला तो सुटत नव्हता. "बोल रे," तो म्हणत होता, "काहीतरी बोल."

"पट्टा दुसऱ्या बाजूनं हाय," दादा म्हणाला.

हनुवटी फुटली होती, पाय मुरगळला होता. बाकी सगळं जागेवर. मालकानं नाक पुसलं आणि म्हणाला, "हे दर खेळाला करता येईल का?"

मी त्याच्यावर धावून गेलो असतो. दादानंच मला थोपवलं. "करता येईल," तो म्हणाला, "छातीवर खरी छत्री दर खेपेला पाह्यजे. आणि उडी मारणारा अमडापूरचा हाय असं भोंग्यावर सांगा लागीन." मालकानं दोन्ही कबूल केलं. भोंग्यावरून त्यानं आमच्या गावाचं नाव घेतलं तेव्हा मी स्वतः ऐकलं. नंतर त्या माणसाचे खेळ जिथं जिथं झाले, तिथं कुणीही उडी मारली तरी छातीवर पेटी असायची, हेही मला माहीत आहे. त्याचं कारण त्याच्या लेखी पोस्टर होतं. असू दे. मी त्याचे आभार मानतो. आवडत मात्र नाही.

पेंटरला सांगायला गेलो तेव्हा तो शिडीवर होता, कुणाच्या तरी कापड दुकानाची पाटी रंगवत होता. सगळं त्यानं ऐकलं होतं. "जिंदा आहे ना?" एवढंच त्यानं विचारलं, आणि हो म्हटल्यावर ब्रश खाली ठेवून तो शिडीवरच बसला. मी पुष्कळ बोलायचं ठरवून गेलो होतो. त्याआधीच त्यानं विषय बदलला. म्हणाला, बेटा, पाय किती मुरगळला, तेल लावलं का?

आम्ही दादाला बसनं घरी आणला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून वस्तीतली, गावातली, ज्यांच्या उंबऱ्यावर आम्ही कधी चढलो नव्हतो तीही माणसं आमच्या अंगणात येऊ लागली. उडालेला माणूस बघायचा होता. आई दारात आडवी बसली होती.

"झोपला हाय," ती प्रत्येकाला सांगत होती. "बसा. च्या पेऊन जा. उठवणार नाही मी त्याले."

दुपारचं ऊन अंगणात आलं तरी तो उठला नाही. मध्येच तो कुशीवर वळला, खाटेची दोरी करकरली, आणि आईनं मान वळवून आत बघितलं. मग पुन्हा चहाचं आधण ठेवायला मला चुलीकडे पिटाळलं.